कोकणात वाडीवाल्या घरी राहायला जायचंय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

कोकणात राहायचं म्हटलं की पहिले प्रश्न ठरलेले असतात, समुद्र किती लांब, एसी आहे का, मासे कुठे चांगले मिळतात. विचारा की, पण माझं मनापासून सांगणं आहे की एकदा तरी घर निवडताना आधी वाडी, म्हणजे घरामागची नारळ-सुपारीची बाग, बघा. ज्या घराच्या मालकाचा जीव मागच्या नारळी-पोफळीत अडकलेला असतो तिथली सकाळ वेगळी असते, ताटातलं जेवण वेगळं असतं, आणि मालक तुमच्याशी ज्या गोष्टी बोलतो त्या कुठल्याच रिसॉर्टच्या रिसेप्शनवर ऐकायला मिळत नाहीत. अशी घरं कोकणात भरपूर आहेत, गावात शिरलं की "निवास व न्याहारी" किंवा "घरगुती राहण्याची व जेवणाची सोय" असे बोर्ड दिसायला लागतात. फक्त त्यातलं वाडीवर माया असलेलं घर कुठलं ते ओळखायचं कसं आणि तिथे गेल्यावर वागायचं कसं, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितेय.

पहिलं काम, पट्टा ठरवा

सगळं कोकण एकसारखं नाही. रायगडातलं दिवेआगर, श्रीवर्धन, दापोली तालुक्यातलं मुरुड, आंजर्ले, केळशी, आणि खाली गुहागर, या गावांची रचना साधारण अशी की मधून एक लांब रस्ता, त्याला लागून घरं, घरामागे वाडी, वाडीच्या शेवटी सुरूची झाडं आणि पलीकडे वाळू. म्हणजे मागच्या पडवीतून निघायचं ते वाडीतूनच समुद्रावर. पहिल्यांदा जात असाल तर डोळे झाकून याच पट्ट्यात जा, कारण इथे वाडी घराला चिकटून असते आणि तुम्ही दिवसभर तिच्यातच असता.

आंबा बघायचाय म्हणून रत्नागिरी-देवगडकडे जाणार असाल तर एक लक्षात घ्या, हापूसच्या बागा बऱ्याचदा कातळावर, डोंगरउताराला, घरापासून लांब असतात. त्यामुळे फोनवर "बाग आहे का" एवढंच विचारून थांबू नका, "घराजवळ आहे का, चालत जाता येतं का" हे विचारा. वेंगुर्ला-मालवण भागात माड, काजू, घरापुढे सारवलेलं खळं, आणि मार्चच्या आसपास गेलात तर सुरंगी. सुरंगीची फुलं फांद्यांना चिकटून येतात आणि कळ्या उमलायच्या आत भल्या पहाटे काढाव्या लागतात, तो वास ज्याने एकदा घेतला तो पुढच्या वर्षी तारीख विचारून जातो.

रस्त्याने जाणाऱ्यांनी फेरीबोटी बघून ठेवा, आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, या गाडीसकट पलीकडे नेतात आणि घाटवळणांचा मोठा फेरा वाचतो. वेळा आदल्या दिवशी घरमालकालाच विचारा.

कधी जायचं

बागेसाठी म्हणून जायचं तर माझ्या मते नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं. सुपारी उतरवायचं काम चालू असतं, अंगणात सुपारी वाळत पडलेली असते (महिना-दीड महिना तरी ऊन लागतं तिला), मिरीचे घोस भरलेले असतात, आंब्याला मोहोर येतो, भात कापून झालेल्या जमिनीत वाल, पावटा, लाल माठ लावलेला असतो. मार्च ते मे म्हणजे फळांचे दिवस, काजू, करवंदं, फणस, कोकम, आंबा सगळं एकदम, पण उकाडाही तितकाच आणि विहिरीचं पाणी तळाला गेलेलं. पावसाळ्यात हिरवं इतकं की डोळे निवतात, जुलैत भातलावणी बघायला मिळते, पण वीज जाते, नेटवर्क जातं, कपडे वाळत नाहीत, हे मान्य असेल तरच जा.

गणपती आणि शिमगा या दोन वेळा टाळा. तेव्हा मालकांच्या स्वतःच्या घरी मुंबई-पुण्याची सगळी माणसं आलेली असतात, पालखी असते, आरत्या असतात, वाडी दाखवायला कोणाला सवड नसते. आणि आंब्याच्या बागेत राहणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारीत मोहोरावर फवारणी चालू असते, तर "कुठल्या दिवशी फवारणी आहे" हे विचारून घ्या, विशेषतः लहान मूल किंवा दम्याचा त्रास असलेलं कोणी बरोबर असेल तर.

घर शोधणं, आणि फोनवर काय विचारायचं

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. ऑनलाइन फोटो बघताना खोलीचे फोटो सोडा, मागे काय दिसतंय ते बघा. अंगणात पेव्हर ब्लॉक, कडेने कुंड्यांमधली शोभेची झाडं, मध्ये प्लास्टिकची हिरवळ, तर ते घर वाडीवाल्याचं नाही. उलट फोटोत आळी (बुंध्याभोवती पाण्यासाठी केलेले खळगे) केलेले माड दिसले, पोफळीवर चढलेला मिरीचा वेल दिसला, कोपऱ्यात सोडणांचा (नारळाच्या सालींचा) ढीग, चिऱ्याचा गडगा (दगडी कुंपण), न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं अळू आणि केळी, की समजा योग्य ठिकाणी आलात. फोटोत ढीग आणि चिखल दिसतोय म्हणून घर नाकारू नका, काम चालणाऱ्या वाडीत ते असणारच.

मग फोन करा. मेसेज नको, फोनच. रेट विचारायच्या आधी "काका, वाडीत सध्या काय काय आहे?" एवढं विचारा आणि ऐका. ज्याला आवड आहे तो माणूस या प्रश्नावर खुलतो, जायफळ किती, कोकमाला यंदा फळ कसं, माकडांनी काय काय नेलं, सगळं सांगतो, तुम्हाला "बरं काका, खोल्या आहेत का" असं मध्ये घुसवावं लागतं. आणि जो "हो हो गार्डन आहे, स्विमिंग पूल पण आहे" म्हणाला तिथे आनंदाने राहा, पण या लेखात म्हणतेय तसं काही तिथे मिळणार नाही.

दुसरा प्रश्न, "तुम्ही स्वतः तिथेच राहता का?" हा फार महत्त्वाचा आहे. केंद्र सरकारची अतुल्य भारत निवास-न्याहारी योजना आहे ना, तिच्यातसुद्धा अटच अशी की मालक कुटुंबासह त्याच घरात राहत असला पाहिजे, आणि खोल्या १ ते ६, खाटा जास्तीत जास्त १२. म्हणजे कल्पनाच अशी आहे की तुम्ही कोणाच्या तरी राहत्या घरात जाताय. मालक मुंबईत आणि घरात नुसता केअरटेकर असेल तर वाडीची गोष्ट सांगणार कोण?

बाकीचे प्रश्न पटापट: संडास-बाथरूम खोलीला जोडून आहे की मागच्या अंगणात, गरम पाणी बंबाचं की गीझरचं, गाडी दारापर्यंत येते की पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून, बॅगा उचलून न्यायच्या (आईवडील बरोबर असतील तर हा प्रश्न विसरू नका), जेवण शाकाहारी की मासेही करतात, दारू चालते की नाही. शेवटचं न लाजता विचारा, पुष्कळ घरांत अजिबात चालत नाही आणि तिथे गेल्यावर दोघांची पंचाईत होते.

रेट विचारताना "माणशी की खोलीचा, आणि त्यात काय काय धरलंय" हे स्पष्ट करून घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी माणशी, चहा-नाश्ता-दोन जेवणं धरून सांगतात आणि काही ठिकाणी फक्त खोली आणि न्याहारी. ॲडव्हान्स आता सगळीकडे यूपीआयने जातो, तरी थोडी रोकड जवळ ठेवा, नेटवर्क गेलं की गेलं. घासाघीस करू नका ही माझी कळकळीची विनंती, दोन-तीन खोल्यांच्या उत्पन्नावर विहिरीचा पंप, पाडेल्याची (नारळ पाडणाऱ्याची) मजुरी, खत असं बरंच काही चालत असतं.

पोचल्यावर

उजेड असताना पोचा. रात्री नऊला पोचलात तर स्वयंपाक करून वहिनी ताटकळलेल्या असतात, आणि अंधारात वाडी दिसतही नाही. गाडी लावताना माडाखाली किंवा फणसाखाली लावू नका, मालक दाखवतील तिथेच लावा, कारण वरून नारळ पडतो तेव्हा काच गाडीची आहे की डोकं माणसाचं हे तो बघत नाही, आणि सुकलेली झावळही चांगलीच लागते. खुर्ची टाकून बसताना, मुलांना खेळायला सोडताना, हॅमॉक बांधताना हेच. आणि हॅमॉक पोफळीला बांधायचा नाही, तिचं खोड बारीक असतं, कुठल्या झाडाला बांधू ते विचारा.

मालकांना काका-काकू, दादा-वहिनी, वय बघून म्हणा, "हॅलो बॉस" नको. चहा येतो, तो पडवीत बसून निवांत प्या, लगेच बीचवर पळू नका. आणि तेव्हाच विचारून ठेवा, "उद्या सकाळी तुमच्याबरोबर वाडीत येऊ का?"

वाडीतली फेरी

मला विचाराल तर तुम्ही पैसे देता ते याच्यासाठी. सकाळी पाणी लावायच्या वेळेला मालक वाडीत असतातच, तुम्ही फक्त त्यांच्या मागे चाला. पूर्वी विहिरीचं पाणी काढायला रहाट किंवा लाट असायची, पाटाने पाणी फिरवायचे, आता पंप आणि ठिबक किंवा तुषार, पण पाणी फिरताना बघायला अजूनही माणूस लागतो. पायात बूट घाला, सपाता नकोत. आळ्यात पाय देऊ नका, माती दबते.

वर बघा आणि खाली बघा, वाडी मजल्यामजल्याची असते. सगळ्यात वर माड, त्याच्या खाली पोफळी, पोफळीच्या सावलीत जायफळ आणि दालचिनी, माडापोफळीच्या खोडावर मिरीचे वेल, जमिनीलगत केळी, अननस, हळद. प्रत्येक मजल्याला आपापल्या वाट्याचं ऊन. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं (हे १९७२ साली सुरू झालं) रत्नागिरीजवळ भाट्याला नारळ संशोधन केंद्र आहे, तिथे माडाच्या बागेत अशीच मसाल्याची झाडं बसवून "लाखी बाग" दाखवतात, त्यामुळे बरेच मालक "आमची लाखी बाग" असं अभिमानाने म्हणतील. जुन्या लोकांनी हे पिढ्यानपिढ्या आपल्या पद्धतीने केलेलंच होतं, कुठलं झाड आजोबांनी लावलं आणि कुठलं स्वतः, हे मालक बोट दाखवून सांगतात. ते ऐका, मध्ये तोडू नका.

विचारण्यासारखं पुष्कळ असतं. जायफळाजवळ थांबून "हे मादी झाड आहे का" म्हणून विचारा, चेहरा बदलतो बघा. जायफळात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, बीपासून लावलं तर पाच-सात वर्षं वाढवून फुलं आल्यावर कळतं की हा नर आहे, म्हणजे फळ नाही, आणि तोवर त्या झाडावर जीव बसलेला असतो. म्हणून आता कलमं लावतात. कोकमाचंही तसंच. मिरी कधी काढायची, तर घोसातला एखादा-दुसरा दाणा लाल झाला की. हापूसला एका वर्षी भरपूर आणि दुसऱ्या वर्षी कमी असं का, साका (आंब्याच्या गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा भाग) कशामुळे होतो, विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेल्या रत्ना आंब्याला साका का होत नाही, यातला एक प्रश्न विचारला तरी अर्धा तास कसा गेला कळत नाही.

आणि एक विषय जपून. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं, आणि श्रीवर्धनपासून खाली दापोली-मंडणगडपर्यंत वाड्याच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळी मधूनच मोडल्या, माड मुळासकट उपटले, ज्या पोफळींवर मिरी चढवलेली ते वेल पोफळीबरोबर गेले, आणि वरची सावली गेल्यामुळे खाली जे उभं राहिलं होतं ते उन्हाने करपलं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं. आता हिशोब करा, पोफळीला लावल्यापासून फळ यायला पाच ते सात वर्षं, बाणवली जातीच्या माडाला सहा ते आठ. म्हणजे वादळानंतर लावलेल्या पोफळी आत्ता कुठे धरायला लागल्यात. या पट्ट्यातल्या वाडीत तुम्हाला उंच जुन्या झाडांच्या मध्ये एकाच उंचीच्या कोवळ्या पोफळींच्या रांगा दिसतील, त्या तेव्हाच्या. "एवढी मोकळी का वाडी" असं सहज बोलून जाऊ नका. मालक स्वतःहून सांगायला लागले तर उभे राहून सगळं ऐका, मोबाईल खिशात ठेवा. साठी ओलांडलेल्या माणसाने पुन्हा रोपं लावली, आणि त्या वाडीत तुम्ही उभे आहात, याची किंमत मला कुठल्याही सी व्ह्यूपेक्षा जास्त वाटते.

हे करू नका

फुलं तोडू नका, निदान मालकांची पूजा व्हायच्या आधी तर नकोच, जास्वंद-तगर-अनंत मोजून देवासाठी असतात. खाली पडलेली सुपारी, जायफळ, काजूबी उचलून खिशात घालू नका, पडलेलं असलं तरी ते त्यांचं उत्पन्न आहे, विचारलंत तर चार जास्तच देतील. ओला काजू स्वतः फोडायला जाऊ नका, टरफलातल्या चिकाने कातडी भाजते, आठवडाभर हात सोलतो. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवून या.

पाणी आणि कचरा, हे नीट वाचा

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये विहिरी आटतात, कारण जांभ्या दगडातून पाणी झिरपून उताराने समुद्राला जाऊन मिळतं. त्या दिवसांत अर्धा तास शॉवर चालू ठेवलात तर तुम्ही झाडांच्या तोंडचं पाणी घेताय. बादलीने अंघोळ करा. आणि पुष्कळ घरांत न्हाणीचं पाणी पाटाने थेट केळीला, अळवाला, माडाला सोडलेलं असतं, तर ॲसिडवाले क्लीनर, ढीगभर शाम्पू, केसांचा रंग हे तिथे करू नका. साधा साबण न्या.

ओला कचरा कुठे टाकायचा विचारा, खताचा खड्डा असतो किंवा माडाच्या आळ्यात जातं. प्लास्टिकच्या बाटल्या, चिप्सची पाकिटं, डायपर, पॅड हे बॅगेत भरून आपल्या शहरात परत न्या, छोट्या गावात हे उचलायला रोज गाडी येतेच असं नाही आणि मग ते वाडीच्या कडेला जळतं.

जेवण

मेनू मागू नका. आदल्या रात्री विचारा, "वहिनी, उद्या वाडीत काय आहे?" आणि त्यांच्यावर सोडा. मग केळफुलाची भाजी होते, कच्च्या फणसाची होते, सकाळी घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, दडपे पोहे, मऊ भात-मेतकूट-तूप. मे महिन्यात बरक्या फणसाच्या रसाची सांदणं. उकडीचे मोदक हवे असतील तर एक दिवस आधी सांगा, नारळ खोवण्यापासून उकड मळण्यापर्यंत पुष्कळ काम असतं ते. "सकाळी ब्रेड-ऑम्लेट मिळेल का" हे मुलांसाठी विचारलं तर ठीक, स्वतःसाठी विचारू नका. आणि सोलकढी मागा, आगळ घरच्या कोकमाचं आहे का तेही विचारा, असलं तर निघताना बाटली घ्यायचीच आहे.

लहान मुलं, विहीर, साप

मुलांना वाडीइतकी चांगली जागा नाही, पण पहिल्या दहा मिनिटांत विहीर कुठे आहे ते स्वतः जाऊन बघा. जुन्या विहिरींचे कठडे बुटके असतात, कधी अर्धेच असतात. मुलांना नियम घालून द्या.

अंधार पडला की टॉर्चशिवाय अंगणातही जायचं नाही. फुरसं हा विषारी साप छोटा आणि मातीच्या रंगाचा असतो, पाचोळ्यात दिसत नाही. बाहेर ठेवलेले बूट सकाळी झटकून घाला, विंचू बसतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन हे औषध वापरून लाल विंचवाच्या दंशाचे कितीतरी रुग्ण वाचवले, त्यामुळे आता उपचार आहे, सापालाही प्रतिविष आहे, फक्त वेळ न घालवता दवाखान्यात पोचायचं, चिरा देणं, आवळून बांधणं असलं काही करायचं नाही. जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं, तिथे प्रतिविष असतं का, हे पहिल्याच संध्याकाळी विचारून ठेवा. आंब्याच्या झाडावर पानं शिवून केलेली तांबड्या मुंग्यांची घरटी असतात, खालच्या फांदीला मुलांना लोंबकळू देऊ नका.

निघताना

बाजारातून घेण्याऐवजी घरातूनच घ्या, आमसुलं, आगळ, मिरी, जायफळ, नारळ, फणसाची साठं, जे असेल ते. भाव विचारा, सुटे नसतील तर वरचे राहू द्या. आंब्याची पेटी हवी असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्येच सांगून ठेवा, आणि पेटी आली की आंबे गवतात पसरून ठेवा, फ्रीजमध्ये नाही.

रोप मागितलंत तर आनंदाने देतात, पण आपल्याकडे जगेल ते मागा. पुण्या-नाशकाच्या कोरड्या हवेत पोफळीचे हाल होतात, नेऊ नका. सोनचाफा, अनंत, अबोली, जागा असेल तर कोकम, ही चालतात. कोकम बीचं नेलंत तर नर निघायची शक्यता निम्मी, म्हणून कलमच घ्या, आणि कलम केलेला सांधा मातीच्या वर राहील असं लावा. उन्हाळ्यात नेत असाल तर गाडीच्या डिकीत कोंडू नका, मागच्या सीटच्या खाली, मातीला ओलं गोणपाट गुंडाळून ठेवा. घरी आल्यावर लगेच जमिनीत लावायची घाई नको, आठ-पंधरा दिवस सावलीत राहू द्या, आणि जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की मग लावा. नवी पालवी आली की काकांना फोटो पाठवा, खत कधी आणि किती घालायचं तेही त्यांनाच विचारा.